अठराव्या वर्षी पत्करलेले गुरुपद
योगाचार्य बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचे पुण्यातील आयुष्य

विद्येचा क्रम आपण सामान्यतः असा मानतो की, प्रथम शिकावे, मग पुष्कळ वर्षे अभ्यास करून ती अंगी मुरवावी, आणि केस पिकू लागले म्हणजे ती इतरांस द्यावी. गायन, वैद्यक, वेदपठण, मल्लविद्या या सर्वांच्या बाबतीत वडीलधारी माणसे हाच दंडक सांगत आली आहेत. योगविद्येविषयी तर तो अधिकच कडक होता. अभ्यास हा दीर्घ काळ, अखंड आणि आदरबुद्धीने केला तरच स्थिरावतो, हा पतंजलींचा अभिप्राय सुप्रसिद्ध आहे. हठयोगाच्या ग्रंथांनी तर ही विद्या झाकून ठेवण्याची ताकीदच देऊन ठेविली आहे. अशा विद्येचा अध्यापक होण्यास निदान अर्धे आयुष्य खर्ची पडले पाहिजे, असे कोणासही वाटेल.

ज्या पुरुषाने विसाव्या शतकात ही विद्या पुण्यातून साऱ्या जगात नेली, त्याच्या आयुष्यात मात्र हा क्रम उलटा लागला होता. बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार हे १९३७ साली पुण्यास आले ते शिक्षक म्हणूनच. त्या वेळी त्यांच्या वयास एकोणीस वर्षेही पुरी झालेली नव्हती. आपण जे शिकवितो ते आपणांसच पुरते येत नाही, हे त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी पुढे ते लपविलेही नाही. शिकविणे आधी गळ्यात पडले. त्या ओझ्याखाली अभ्यास सुरू झाला. आणि तो अभ्यास पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे चालला. हा उलटा क्रम कसा घडला आणि त्यातून काय निपजले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत ज्ञातीबाहेरच्या, किंबहुना महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या गृहस्थाचे वृत्त कशासाठी, अशी शंका काही वाचकांस येईल. तिचे उत्तर या वृत्तातच आहे. ही विद्या अय्यंगारांना नात्यातून मिळाली, बहिणीच्या घरी मिळाली. आणि त्यांनी ती ज्यांना दिली त्यांत नात्याची, जातीची, धर्माची, शेवटी देशाचीही अट उरली नाही. आपल्यासारख्या नात्यागोत्याच्या धाग्यांनी विणलेल्या संस्थेतील कुटुंबांना या गोष्टीचा विचार करण्याचे अगत्य इतरांहून अधिक आहे, असे मला वाटते.

प्रथम त्या काळच्या परिस्थितीकडे दृष्टी टाकली पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी योग हा शब्द उच्चारताच सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढे जटा, भस्म आणि स्मशान उभे राही. मुलगा योगाच्या नादी लागला म्हणजे तो संसारातून उठला, अशीच आईबापांची समजूत असे. ही समजूत बदलण्याचे काम महाराष्ट्रात व्यायामाच्या चळवळीने पुष्कळच केले. अमरावतीस १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे बीज पडले. औंधाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार स्वतःच्या उदाहरणाने केला. आणि जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांस प्रयोगशाळेत आणिले. स्वामीजींचा पिंड मुळात शिक्षकाचा. बडोद्यास माणिकरावांच्या आखाड्यात त्यांचे शरीर तयार झाले होते आणि अमळनेरास राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात त्यांनी काही वर्षे घालविली होती. नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजींपाशी शिकलेल्या क्रिया शरीरात नेमके काय करितात, हे त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासून पाहिले. 'योगमीमांसा' ह्या त्यांच्या नियतकालिकाने तो वृत्तान्त देशोदेशी पोहोचविला. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेख लिहावा लागेल. येथे त्यांचे स्मरण करावयाचे ते एका वेगळ्या कारणासाठी, जे लगेच पुढे येते.

म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार हे योगविद्येचे मोठे आश्रयदाते होते. त्यांनी १९३३ साली जगन्मोहन राजवाड्यात योगशाळा उघडून ती तिरुमलै कृष्णमाचार्य या विद्वान श्रीवैष्णव आचार्यांच्या स्वाधीन केली. कृष्णमाचार्य षड्दर्शनांत पारंगत होते. हिमालयापलीकडे आपल्या गुरूंपाशी आपण सात वर्षांहून अधिक काळ राहिलो, आणि निरोप घेताना गुरूंनी दक्षिणा मागितली ती एवढीच की गृहस्थाश्रम स्वीकारून ही विद्या शिकवावी, असे ते सांगत. पंडिताच्या मानाची पदे सोडून आसने शिकविणाऱ्याचे कमी प्रतिष्ठेचे काम त्यांनी पत्करिले, त्याचा उलगडा या दक्षिणेने होतो. १९३४ साली महाराजांनी त्यांस मुंबई-लोणावळ्याकडे स्वामी कुवलयानंदांच्या भेटीसाठी धाडिले. वाटेत ते बंगलोरास सासुरवाडीच्या घरी उतरले, आणि पत्नीच्या धाकट्या भावास म्हणाले की, मी परत येईपर्यंत म्हैसुरास जाऊन बहिणीच्या सोबतीस राहा. म्हणजे लोणावळ्याचा एक प्रवास निमित्त झाला, आणि अय्यंगारांच्या आयुष्यास वळण लागले.

हा धाकटा भाऊ म्हणजे अगदी दैन्यावस्थेतील मुलगा होता. कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूर या खेड्यात १४ डिसेंबर १९१८ रोजी, इन्फ्लुएन्झाच्या भयंकर साथीत, त्याचा जन्म झाला. प्रसूतिसमयी आईदेखील त्या तापाने आजारी होती. तेरा अपत्यांतील हे अकरावे. वडील कृष्णमाचार शाळामास्तर. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच ते निवर्तले, आणि पुढचे दिवस भावांच्या आधाराने निघाले. हिवताप, विषमज्वर, क्षय यांनी त्याचे बालपण ग्रासले. हातपाय काटक्यांसारखे, पोट पुढे आलेले, मान डोक्याच्या भाराने झुकलेली, असे आपले वर्णन त्यांनी पुढे स्वतःच केले आहे. अशा पंधरा वर्षांच्या मुलास दोन वेळचे अन्न आणि शाळा एवढ्याच आशेने बहिणीच्या घरी जावेसे वाटले, यात नवल नाही.

म्हैसुरास गेल्यावर मेहुण्यांनी त्यास आसने शिकविली खरी, पण फार आस्थेने शिकविली असे म्हणता येत नाही. शरीर इतके ताठरलेले की, पाय सरळ ठेवून वाकले असता बोटे गुडघ्यांपलीकडे जात नसत. या मुलाचे काही व्हावयाचे नाही, असे आचार्यांस वाटले असल्यास त्यांस दोष देता येणार नाही. घरात केशवमूर्ती नावाचा दुसरा एक विद्यार्थी होता आणि आचार्यांची सारी भिस्त त्याच्यावर होती. तो मुलगा एके दिवशी पहाटे घर सोडून निघून गेला तो परत आलाच नाही. योगशाळेत प्रात्यक्षिकाचा प्रसंग तर तोंडावर आलेला. तेव्हा निरुपायाने आचार्यांची दृष्टी या दुबळ्या मुलाकडे वळली, आणि थोड्या दिवसांत कठीण आसने त्याच्याकडून घोटून घेण्यात आली. दोन वर्षांच्या त्या काळात गुरूंनी आपणांस प्रत्यक्ष शिकविले ते अवघे दहा-पंधरा दिवस, असे अय्यंगार पुढे सांगत.

गुरूची शिस्त अशी होती की, आज्ञा झाली म्हणजे आसन झालेच पाहिजे. कसे, हे विचारावयाचे नाही. एकदा प्रेक्षकांपुढे हनुमानासन करण्याची आज्ञा झाली. त्यात एक पाय सरळ पुढे आणि दुसरा सरळ मागे पसरून जमिनीस टेकावयाचा असतो. मुलाने आधी ते कधी केलेले नव्हते. चड्डी तंग आहे अशी सबब त्याने सांगून पाहिली, तेव्हा कात्री मागवून ती कापण्यात आली. आसन झाले, पण मांडीचे स्नायू असे दुखावले की पुढे कित्येक महिने नीट चालणे कठीण झाले. या कठोरपणाचे समर्थन करण्याची आवश्यकता नाही. पण एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. आसन करताना कोठे ताण पडतो, कोठे दुखते, कोणत्या बाजूने सावरावे, हे अय्यंगारांना पुढे जितके बारकाईने कळले तितके क्वचितच कोणास कळले असेल, आणि त्या ज्ञानाचा उगम या दुखण्यात आहे.

शिक्षकपणाची पहिली वेळ आली ती १९३६ साली. आचार्य शिष्यांसह उत्तर कर्नाटकात प्रात्यक्षिके करीत हिंडत होते. तेथील काही स्त्रियांनी आम्हांसही शिकवा, अशी इच्छा प्रकट केली. त्या काळच्या रीतीप्रमाणे प्रौढ पुरुषाने स्त्रियांस आसने शिकविणे प्रशस्त दिसेना. म्हणून शिष्यमंडळींतील सर्वांत लहान जो सुंदरराज, त्याची नेमणूक झाली. योग्यतेवरून नव्हे, तर वयावरून! याच दौऱ्यात बेळगावास तेथील सिव्हिल सर्जन डॉ. वि. भ. गोखले यांनी ही प्रात्यक्षिके पाहिली. डॉक्टरसाहेब निवृत्त होऊन पुण्यास आले, तेव्हा डेक्कन जिमखान्यावर योगाचे वर्ग सुरू करावेत असे त्यांनी मनात घेतले आणि म्हैसूरकडे शिक्षक मागितला. जाण्यास कोणी राजी होईना. सुंदरराजास थोडेफार इंग्रजी येत होते, एवढ्या भांडवलावर त्यास सहा महिन्यांसाठी पुण्यास पाठविण्यात आले. मॅट्रिकची परीक्षा त्यास इंग्रजीनेच दगा दिल्यामुळे पार करिता आली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीतील गंमत कळते.

पुण्यास आलेल्या या मास्तरची स्थिती वाचकांनी मनाशी कल्पावी. मराठीचा एक शब्द येत नाही. डोक्यावर शेंडी; अंगकाठी अशी की समोरचे विद्यार्थी त्याच्याहून थोर आणि धट्टेकट्टे. महाविद्यालयांतील तरुण मुले नव्या शिक्षकाची कशी रेवडी उडवितात, हे पुणेकरांस सांगावयास नको. खुद्द जिमखाना म्हणजे क्रिकेट-टेनिसचे क्षेत्र. तेथे आसने शिकावयास येणाऱ्या माणसास प्रश्न पडत, आणि ते साहजिक होते: याने काय होते? असेच का? माझा गुडघा दुखतो, मी काय करू? म्हैसुरास हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती, त्यामुळे उत्तरेही मिळालेली नव्हती. आता उत्तर देण्याची जबाबदारी मात्र अंगावर आलेली होती.

माझ्या मते अय्यंगारांचे खरे शिक्षण येथे सुरू झाले. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ते घरी तासन् तास स्वतःच्या शरीरावर प्रयोग करू लागले. रस्तादुरुस्तीसाठी पडलेले दगड, विटा, रस्त्यावरचा रूळ, जे हाती सापडेल त्याचा आधार घेऊन ते पाठीची कमान करीत, पाय ताणीत. पुढे जगभर प्रसिद्धी पावलेल्या त्यांच्या साधनांचे मूळ पुण्याच्या रस्त्यांवर आहे. भाषा अपुरी असल्यामुळे त्यांना बोटाने, हाताने, स्वतः करून दाखवूनच शिकवावे लागे; आणि पुढे त्यांच्या अध्यापनाचे जे वैशिष्ट्य मानले गेले, म्हणजे विद्यार्थ्याच्या अंगास हात लावून चूक जागच्या जागी सुधारणे, त्यात या अडचणीचा काही वाटा असावा, असे मानण्यास जागा आहे. डॉ. गोखले यांचे साहाय्य या काळात फार मोलाचे झाले. ते स्वतः व्याख्यान देत आणि हा तरुण शेजारी आसने करून दाखवी. शरीराची माहिती मी सांगतो, आसने तुम्ही करा, अशी त्यांनी कामाची वाटणीच करून टाकिली होती. व्याख्याने ऐकता ऐकता शरीररचनाशास्त्राचे पुष्कळसे ज्ञान या मॅट्रिक न झालेल्या मुलाच्या पदरी पडले.

सहा महिन्यांची मुदत वाढत वाढत तीन वर्षे झाली आणि १९४० साली संपली. पोटापाण्याचा हमखास मार्ग बंद झाला. तरीही ते म्हैसुरास परतले नाहीत. गुरूंचा धाक हे एक कारण; पण पुण्यात आपल्या मनाने, आपल्या पद्धतीने अभ्यास करण्याचे जे स्वातंत्र्य लाभले होते, ते सोडवेना, हे अधिक मोठे कारण असावे. त्या वर्षांत दारिद्र्य पराकोटीचे होते. दोन-तीन दिवसांतून एकदा भात मिळावा आणि मधल्या काळात नळाच्या पाण्यावर भागवावे, असे दिवस आपण काढिल्याचे त्यांनी लिहून ठेविले आहे. सायकलीवरून घरोघर जाऊन एकेका माणसास शिकवावे, हाच उद्योग. आसने शिकवून पैसे घेणारा मास्तर म्हणजे त्या काळच्या प्रतिष्ठित समाजाच्या दृष्टीने ना धड शास्त्री, ना धड पहिलवान. विद्येचा विक्रय निषिद्ध, असे म्हणणारी मंडळीही होतीच. असे म्हणणारांनी विद्या देणाऱ्याच्या घरी चूल कशी पेटावी, याचा विचार फारसा केलेला नसतो, एवढे येथे नमूद करावेसे वाटते.

अशा स्थितीत १९४३ साली थोरल्या भावांच्या आग्रहावरून त्यांचा विवाह झाला. वधू रमामणी सोळा वर्षांच्या. योगाशी त्यांचा पूर्वी काही संबंध नव्हता. पतीने त्यांस आसने शिकविली त्यात एक हेतू असा होता की, आपण आसनात असता आपले शरीर कोठे वाकडे आहे हे पाहून सांगणारे घरात कोणीतरी असावे. घरात आरसे लावण्याची ऐपत नव्हती. पत्नीचे डोळे हाच आरसा झाला. ज्यास गुरूने शिकविले नाही त्यास पत्नीने पाहून सुधारिले, हे या चरित्रातील फार हृद्य प्रकरण आहे, आणि चरित्रलेखकांनी त्यास मिळावयास हवी तितकी जागा दिलेली नाही. पुढे पाच मुली व एक मुलगा असा संसार वाढला. सर्वांत थोरले अपत्य गीता. गीता नऊ-दहा वर्षांची असताना तिला मूत्रपिंडाचा गंभीर विकार जडला. औषधांचा खर्च पेलेना, तेव्हा उद्यापासून औषध बंद, आसने कर, असे वडिलांनी सांगितले. मुलगी वाचली आणि पुढे स्वतः थोर अध्यापिका झाली. निरुपायाच्या घटकेतील हे साहस कोणी अनुकरणासाठी घेऊ नये; पण या घरी योग ही छंदाची वस्तू नव्हती, हे यावरून कळून येईल.

१९४८ च्या सुमारास तत्त्ववेत्ते जिद्दू कृष्णमूर्ती त्यांच्यापाशी आसने करू लागले, आणि हळूहळू नाव होऊ लागले. मग १९५२ साल उजाडले. जगद्विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आले होते. त्यांस योगाची आवड होती. मुंबईस अय्यंगारांची भेट ठरली ती पाच मिनिटांची. मेन्युहिन अतिशय थकलेले होते. अय्यंगारांनी त्यांस आडवे निजवून आपल्या बोटांनी असे शांतविले की, त्यांस गाढ झोप लागली. जागे झाल्यावर त्यांस जी टवटवी वाटली, तिने पाच मिनिटांच्या भेटीचे तीन तास केले. १९५४ साली त्यांनी अय्यंगारांस स्वित्झर्लंडला बोलाविले, आणि एक घड्याळ भेट दिले. आपल्या सर्वोत्तम व्हायोलिन-शिक्षकास, असा मजकूर त्यावर कोरलेला होता. व्हायोलिन हाती न धरिलेल्या माणसास एका थोर वादकाने अशी पदवी दिली, तीत विनोद आहेच. पण खांदा, मनगट आणि श्वास ज्याने मोकळे केले तो वादनाचाच गुरू, हा तीतील अर्थ विनोदाचा नाही.

त्यानंतर लंडन, पॅरिस, १९५६ साली अमेरिका असे प्रवास झाले. ऐंशी उलटलेल्या बेल्जमच्या राजमाता एलिझाबेथ यांस १९५८ साली त्यांनी शीर्षासन शिकविले, याची त्या वेळी फार चर्चा झाली. परंतु माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट लंडनास घडली. १९६० नंतर ते तेथे बहुधा दरवर्षी जात आणि साध्या लोकांस, म्हणजे गृहिणी, शिक्षिका, कारकून यांस शिकवीत. १९७० च्या सुमारास लंडनच्या शिक्षण प्राधिकरणाने आपल्या प्रौढशिक्षणाच्या वर्गांत योगाचा समावेश केला, तेव्हा शिक्षकांच्या पात्रतेसाठी अय्यंगारांच्या पद्धतीचा आधार घेण्यात आला. वर्गात धर्मविषयक उपदेश नसावा, अशी अट होती. या अटीवर आपल्याकडील काही विद्वानांनी नाक मुरडले असते. अय्यंगारांनी ती मान्य केली. शरीरापासून आरंभ करणारास पुढची वाट आपोआप दिसेल, असा त्यांचा विश्वास होता. तो सर्वांच्या बाबतीत खरा ठरला असे म्हणणे धाडसाचे होईल. पुष्कळजण आसनांपाशीच थांबले. तरी पण गुप्ततेची आज्ञा असलेली विद्या सरकारी रात्रशाळेच्या वर्गात शिकविली जावी, हे शंभर वर्षांपूर्वी कोणास स्वप्नातही आले नसते.

१९६६ साली 'लाइट ऑन योग' हा त्यांचा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. 'योगदीपिका' या नावाने तो आपल्याकडे ओळखला जातो. जवळजवळ दोनशे आसने, चौदा प्राणायाम, सहाशेच्या आसपास छायाचित्रे, आणि साधकास तीनशे आठवडे पुरेल असा पाठक्रम. प्रस्तावना मेन्युहिन यांची. लेखनात मुंबईचे कायदेपंडित बी. आय. तारापोरवाला यांनी पुष्कळ साहाय्य केले. ज्यास इंग्रजीनेच मॅट्रिकला अडविले, त्याचा ग्रंथ त्याच भाषेत निघून पुढे अनेक भाषांत गेला! छायाचित्रांकडे निरखून पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते: त्या पूर्णाकृतींत कोठेही प्रयास दिसत नाही. प्रयास सगळा आधीच्या तीस वर्षांत होऊन गेला होता.

मुंबई आणि पुणे येथील त्यांचे वर्ग या सर्व काळात चालूच होते. पुण्यास स्वतःच्या मालकीची वास्तू मात्र नव्हती. शिष्यांच्या साहाय्याने शिवाजीनगर भागात जागा घेण्यात आली आणि २५ जानेवारी १९७३ रोजी भूमिपूजन झाले. रमामणीबाई त्या प्रसंगी हजर होत्या. तीनच दिवसांनी, २८ जानेवारीस, त्या निवर्तल्या. संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले आणि १९ जानेवारी १९७५ रोजी रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्थेचे उद्घाटन झाले. या वास्तूचा मुख्य दिवाणखाना आठ खांबांवर उभा आहे. योगाची आठ अंगे ती हीच. भिंतींस दोर बांधलेले. कोपऱ्यांत लाकडी ठोकळे, बाके, पट्टे, लोड, घोंगड्या आणि बिनपाठीच्या लोखंडी खुर्च्या. बाहेरच्या माणसास ही व्यायामशाळा वाटेल की रुग्णालय, असा प्रश्न पडावा. ज्यास कंबरदुखी आहे, ज्यास वाकता येत नाही, ज्याचे वय झाले आहे, त्यासही आसनाचा लाभ व्हावा, एवढ्याचसाठी ही सामग्री आहे. काटक्यांसारख्या हातापायांच्या मुलाने ती योजिली, हे विसरता कामा नये.

अध्यापक या नात्याने ते उग्र होते. वर्गात ओरडत, आसनातील आळस त्यांस खपत नसे, आणि प्रसंगी चपराकही बसे. त्यांच्या नावाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ पाश्चात्त्य शिष्यांनी मारा, लाथ घाला आणि चपराक द्या, असा विनोदाने लाविला होता. म्हैसूरच्या कठोरपणाचा हा वारसा असावा. आजच्या पिढीस तो रुचणार नाही, आणि न रुचणे योग्यच आहे. पण दोघांच्या कठोरपणात एक फरक होता. म्हैसुरास कारण विचारण्याची सोय नव्हती. पुण्यास टाचेपासून मस्तकापर्यंत प्रत्येक हालचालीचे कारण सांगितले जाई. शिष्यांनी तो राग सोसला, त्याचे गमक यात आहे.

१९७९ साली त्यांस स्कूटरचा अपघात झाला आणि थोड्याच महिन्यांत दुसरा. खांदे, पाठीचा कणा, गुडघे दुखावले. साठी उलटलेल्या, जगभर आचार्य म्हणून मान्यता पावलेल्या या पुरुषास साधी आसनेही जमेनाशी झाली. त्यांनी काय केले? नवख्या विद्यार्थ्यास जो पाठ ते देत, तोच स्वतःस दिला. जी साधने दुसऱ्यांच्या दुखण्यासाठी योजिली होती, ती स्वतःसाठी वापरली. पूर्वीची पुष्कळशी क्षमता परत येण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. म्हणजे शिक्षक म्हणून जमविलेले ज्ञान साधक म्हणून त्यांच्या उपयोगी पडले. ऐंशीव्या वर्षानंतरही ते रोज काही तास अभ्यास करीत. पुणेकर विद्यार्थी आपल्या वर्गासाठी दिवाणखान्यात शिरत, तेव्हा एका कोपऱ्यात बाकावर पाठीची कमान टाकून निश्चल राहिलेले पांढऱ्या केसांचे गुरुजी त्यांस कित्येकदा दिसत.

सन्मान पुष्कळ झाले. १९९१ साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण, २०१४ साली पद्मविभूषण. बेळ्ळूर गावी त्यांनी आईवडिलांच्या नावाने न्यास स्थापून शाळा, रुग्णालय अशी कामे उभी केली. शाळामास्तराच्या मुलास ते शोभलेच. २०११ साली, बाणवाव्या वर्षी, ते चीनमध्ये जाऊन शिकवून आले. २० ऑगस्ट २०१४ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले.

त्यांच्या मागे कन्या गीताबाईंनी २०१८ च्या डिसेंबरात निवर्तेपर्यंत अध्यापनाची धुरा वाहिली. पुत्र प्रशांत आणि नात अभिजाता यांनीही अध्यापन हाच मार्ग स्वीकारिला. घराण्यात विद्या राहिली, असे म्हणावयाचे तर म्हणता येईल. पण नेमके पाहिले तर ही विद्या मुळात या घराण्याची नव्हतीच. ती बहिणीच्या यजमानांकडून आलेली. आणि आज तिचे प्रमाणपत्र घेतलेले जे हजारो अध्यापक निरनिराळ्या देशांत वर्ग घेतात, त्यांपैकी बहुतेकांनी बेळ्ळूर पाहिलेले नाही, आणि अय्यंगार हे जातिवाचक नाव आहे हे पुष्कळांच्या गावीही नाही. एका श्रीवैष्णव ज्ञातीचे ते नाव त्यांच्या तोंडी एका अध्यापनपद्धतीचे नाव होऊन बसले आहे. आणि त्या पद्धतीचे वरचे शिक्षण घेण्यासाठी ते पुण्यास, शिवाजीनगरच्या त्या आठ खांबांच्या दिवाणखान्यात येतात.